कालिंदाचं अडखळणं

आमच्या तनिष्काची सुपारी फुटली ते साल २०४३. त्याच साली औशाचा बसस्टँड पाडून नवा बांधला, असं लोक सांगतात. आमच्या घरात मात्र त्या सालाची ओळख सुपारीवरूनच राहिली.

तनिष्का, म्हणजे तनू, माझी नात. माझ्या एकुलत्या एक मुलीची, कालिंदाची मुलगी. कालिंदा डेंगीनं गेली तेव्हा तनू दोन वर्षांची होती. जावयानं पुढं दुसरं लग्न केलं आणि तो शारजाला जाऊन राहिला. तनूला मी आणि माझी बायको पद्मिन, आम्ही दोघांनी वाढवलं.

तनू बोलताना अडखळते. शब्दाचं पहिलं अक्षर तिच्या ओठांवर अडकतं, तिथंच दोन-चारदा आपटतं आणि मग उरलेला शब्द सुटतो. कालिंदाही तशीच बोलायची. आपली आई आपल्यासारखीच बोलायची, एवढी एक गोष्ट तनूजवळ राहावी असं आम्हा दोघांना वाटत होतं. आईची दुसरी कुठली आठवण तिला असणं शक्यच नव्हतं. ती एक गोष्टही तिच्याजवळ कशी राहिली नाही, ते सांगतो.

मी लग्नाचा शूटिंगवाला. आधी बरीच वर्षं कॅमेरामनच्या मागं हॅलोजनचा दिवा उंच धरून वरातीत चाललो. पुढं कॅमेरा हातात आला. कॅसेटच्या सुरुवातीला नवरा-नवरीची नावं टाकावी लागायची, त्यापायी तिशीत अक्षरं शिकलो. मला पहिल्यांदा वाचता आलं ते 'चि. सौ. कां.' नवरीच्या नावात काना राहिला तर तिचे मामा दुकानावर भांडायला यायचे, त्यामुळं अभ्यास चांगला झाला.

मल्टिमीडिया हा शब्द मी लातूरच्या मिक्सिंगवाल्याकडून ऐकला. पडद्यावर नावं यायची, मग फोटो, मागं सनई, मग हलतं चित्र, आणि त्यावर आम्ही वरून सोडलेली गुलाबाची फुलं. ही सगळी निरनिराळी दिसतात, पण यंत्राच्या पोटात सगळ्यांचे शेवटी आकडेच होतात. आकडे झाले म्हणून तर ती एकमेकांत मिसळता येतात. अडचण असते ती जागेची. सगळ्या वऱ्हाडाची नावं लिहून काढली तरी अक्षरांना जागा नावालाच लागते. एका फोटोला त्याच्या कैक पट लागते. आणि व्हिडिओ म्हणजे दर सेकंदाला पंचवीस फोटो, शिवाय आवाज.

म्हणून जागा वाचवायच्या युक्त्या निघाल्या. नवरीच्या मागचा पडदा हलत नाही. मग तो प्रत्येक फोटोत पुन्हा कशाला ठेवायचा? एकदा ठेवायचा, आणि पुढं काय बदललं तेवढंच लिहायचं. बँड वाजत असताना मागं कुणी हळूच खोकलं तर आपल्या कानाला ते कळत नाही. मग ते खोकणं टाकून द्यायचं. टाकलेलं परत मिळत नसे. पण त्याची कुणाला आठवणही येत नसे, त्यामुळं सगळे खुशीत होते.

नवा कॅमेरा घेतला की मी तो घरात चालवून बघायचो. असाच एकदा अंगणात चालवला. कालिंदा तेव्हा एकोणीस वर्षांची, धुणं वाळत घालत होती. मी म्हणालो, "नाव सांग तुझं, आवाज कसा येतो बघू."

ती कॅमेऱ्याकडं वळली. "मी का-का-का..." आणि तिथंच राहिली. मग तिनं टीव्हीला मारतात तशी स्वतःच्या डोक्यावर चापट मारली, म्हणाली, "कॅसेट अडकली!" आणि खळखळून हसली. मग पुढं, "का-कालिंदा लिंबराज सगर. झालं का अण्णा? क-कपडे वाळायचेत."

एवढाच तो व्हिडिओ.

तनू दुसरीत असताना एक दिवस शाळेतून रडत आली. वर्गातल्या पोरी तिला 'तोतरी मैना' म्हणत होत्या. पद्मिननं तिला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "लावा ओ ते, धुण्याचं."

तनूनं बघितलं. एकदा, दोनदा. मग तिनं स्वतःच्या डोक्यावर चापट मारली. "क-क-कॅसेट अडकली!"

दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं तेच केलं. पोरी हसल्या, पण आता तिच्याबरोबर हसल्या. पुढं ती कुठंही अडकली की डोक्यावर चापट मारायची. किराणा दुकानदार विचारायचा, "काय तनूबाई, आज कॅसेट ठीक आहे ना?" दर वाढदिवसाला आम्ही तो व्हिडिओ लावायचो. ती आईच्या बरोबरीनं बोलायची आणि दोघी एकाच वेळी अडकायच्या.

२०३६ साली 'बीज' पद्धत आली.

तोवर माणसांनी इतके फोटो आणि व्हिडिओ जमवले होते, की ते ठेवायच्या केंद्रांना वीज आणि गार पाणी पुरेना. मग कुणीतरी शोध लावला. यंत्रानं कोट्यवधी माणसांचे चेहरे बघितलेले, आवाज ऐकलेले. माणूस कसा दिसतो, कसा हसतो, कसा बोलतो हे त्याला माहीत झालेलं. मग प्रत्येकाचं सगळं कशाला ठेवायचं? हा माणूस इतरांपेक्षा वेगळा कुठं आहे तेवढंच ठेवायचं. ते झालं बीज. कुणी व्हिडिओ मागितला की यंत्र त्या बीजातून तो नव्यानं उगवून दाखवणार. घरभर सामानाच्या जागी बोटभर चिठ्ठी. चित्र उलट जास्तच स्वच्छ दिसायचं. लोकांना आपल्या आजोबांच्या मिशीचा केस न् केस दिसू लागला.

आमच्या मूळ कॅसेटला बुरशी चढून ती कधीच गेली होती. हार्डडिस्क बंद पडली होती. राहिली होती ती साठा केंद्रातली प्रत, आणि सगळ्या गावाबरोबर तिचंही बीज झालं.

तनूचा सतरावा वाढदिवस. पद्मिननं पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. भिंतीवर व्हिडिओ लावला. अंगण लख्ख, दोरीवरच्या लुगड्याचा रंग कालच रंगवल्यासारखा. कालिंदा वळली आणि म्हणाली, "मी कालिंदा लिंबराज सगर. झालं का अण्णा? कपडे वाळायचेत."

सरळ. न थांबता. मधेच तिनं डोक्यावर हात मारला आणि हसली, पण कशाला ते कळेना.

तनू तिच्याबरोबर बोलायला लागली होती ती मधेच एकटी पडली. "मी का-का..." आई पुढं निघून गेली.

"प-परत लावा," ती म्हणाली. परत लावलं. तेच.

"आबा, हे काय?"

"यंत्रात काहीतरी बिघाड आहे," मी म्हणालो.

"बिघाड? किती स्वच्छ दिसतंय! आधीच्यात होता बिघाड. आबा, आई नीट बोलायची ना? ख-खरं सांगा."

"अगं, तू स्वतः बघितलंय की इतकी वर्षं!"

"मी बघितलं ते जुनं, खराब झालेलं. कॅसेट अडकलेली. ती स्वतःच म्हणायची ना, कॅसेट अडकली!"

"मग ती हसली कशाला? डोक्यावर हात कशाला मारला?"

"आई हसरी होती. तुम्हीच सांगता."

पद्मिन पोळी लाटता लाटता उठून आली. हाताला पीठ तसंच. "अगं बये, माझ्या पोटची पोर ती. अशी बोलायची बघ, क-क-क..." आणि तिनं कालिंदाचं बोलणं हुबेहूब करून दाखवलं. मान थोडी पुढं, डोळे मिटलेले. मला एकदम भरून आलं.

तनूला मात्र वाटलं, आजी तिचीच नक्कल करतेय. ती ताटावरून उठली. "तूपण आज्जी? तू-तूपण?"

त्या दिवसानंतर पद्मिननं तो व्हिडिओ कधी बघितला नाही. म्हणायची, "ती कोण बाई आहे ते मला माहीत नाही. माझी लेक माझ्याजवळ आहे." आणि छातीवर हात ठेवायची.

मी तनूला घेऊन लातूरच्या साठा केंद्रावर गेलो. तिथं आफरीन शेख नावाची इंजिनिअर मुलगी होती, बोलायला मोकळी. तिनं आम्हाला चहा पाजला आणि पडद्यावर आवाजाची रेघ काढून दाखवली.

"काका, यंत्र व्हिडिओचं बीज करतं तेव्हा आधी त्यातले दोष काढतं. ओरखडा, खरखर. कॅसेट अडकली की एकच आवाज पुन्हा पुन्हा येतो ना, का-का-का असा? तोही दोषच. यंत्र त्यातला एक ठेवतं, बाकीचे काढतं. त्या अडकण्याबद्दल कुणी काही बोललं असेल तर तेही काढतं. मग ओठ त्या आवाजाशी जुळवून नव्यानं काढतं. नाहीतर आवाज एकीकडं आणि तोंड एकीकडं दिसेल."

"पण कॅसेट अडकली नव्हती," मी म्हणालो. "माझी मुलगी अडकली होती."

ती म्हणाली, "यंत्राला दोन्ही सारखंच ऐकू येतं, काका. ज्यांच्या बोलण्यावर ते शिकलं, त्यात अडखळणारे किती असणार? मूठभर."

"मग मूळ कसं होतं ते तर लिहिलं असेल?"

"इथं फक्त खूण आहे. 'पुनरावृत्ती काढली.' काढलेलं ठेवत नाहीत. ठेवलं तर जागा कशी वाचणार?"

तनूनं विचारलं, "म्हणजे त-तुम्हालाही माहीत नाही? कॅसेट खराब होती का आई अडखळत होती?"

"नाही सांगता येत," आफरीन म्हणाली. ती खरं बोलली, तिचा काही दोष नाही. नंतर मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "हवं तर अडखळणं परत घालून देते मी. कुणाचा तरी नमुना लागेल. हिचाच घेऊ."

तनू हसली. ते हसणं मला आवडलं नाही. "माझंच मला आईच्या तोंडून ऐकवणार? राहू द्या मॅडम."

बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली. मी म्हणालो, "गल्लीत कुणालाही विचार. सगळ्यांनी ऐकलंय तिला."

"गल्लीतले सगळे तुमचे मित्र आहेत, आबा."

तिनं शारजाला बापाला विचारलं. तो म्हणाला, "नाही गं, मला तसं काही आठवत नाही. परवाच व्हिडिओ बघितला तिचा, छान बोलते." सहा वर्षं संसार केलेला माणूस! तो खोटं बोलत नव्हता. व्हिडिओ त्यानं परवा बघितला होता, आणि बायकोला ऐकून पंधरा वर्षं झाली होती.

तनू डोक्यावर चापट मारायचं विसरून गेली. पुढं पुढं व्हिडिओतूनही ती चापट गेली. दर वेळी यंत्र बीजातून चित्र नव्यानं करायचं, आणि विनाकारण डोक्यावर मारणारी बाई त्याला पटत नसावी. आधी तो हात नुसता केसांवरून फिरला. मग हलायचाच थांबला.

हीच पद्धत फोनमध्ये आली. फोनवर आपला आवाज आता जसाच्या तसा जात नाही. इकडं त्याचं बीज होतं, तिकडं उगवतो. मधे आवाज तुटला, अडकला, दोनदा आला, तर यंत्र तो सरळ करून देतं. सगळ्या जगाची सोय झाली. तनूचीही झाली. फोनवर ती पाण्यासारखी बोलू लागली. म्हणजे ती अडखळायचीच, पण पलीकडं ते पोचायचं नाही. तिला नोकरीही फोनवरच बोलायची लागली, एका विमा कंपनीच्या तक्रारी ऐकायची. घरात दिवसचे दिवस ती कुणाशी बोलायची नाही. मी शेजारच्या खोलीत असलो तरी फोन लावायची. "आबा, चहा झालाय." भिंतीतून मला तिचा खरा आवाज ऐकू यायचा, "च-च-चहा", आणि कानाशी धरलेल्या फोनातून दुसराच.

प्रज्वलचं स्थळ आलं ते फोनवरच. मुलगा उदगीरचा, नाशकात द्राक्षाच्या कंपनीत. बघायचा कार्यक्रम पडद्यावर झाला, आता तसंच असतं. दोघं सहा-सात महिने रोज बोलत होती. मुलगा भला होता, मला पहिल्या दिवशीच आवडला.

पद्मिन तिच्या मागं लागली. "एकदा त्याच्यासमोर बसून तोंडानं बोल. मग सुपारी."

"बोलेन ना आज्जी. ल-लग्नानंतर."

"अगं, लपवायलीस कशाला? चोरी केलीस का?"

"तुझी लेक नीट बोलायची, म-म्हणून तुला सोपं वाटतं."

पद्मिननं हातातलं भांडं ठेवलं आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिली. मी गेलो तर म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका. तुम्हाला तरी नीट आठवतंय का?"

सुपारी औशातल्याच एका कार्यालयात होती. ओटी झाली, साखर वाटून झाली. मग नेहमीप्रमाणं बायका ओरडल्या, "नाव घ्या! नाव घ्या!" नवरीनं सगळ्यांसमोर उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं, यातून कुणाची सुटका नसते. तनूनं त्याची तयारी केली होती. तिनं कार्यालयवाल्याला आधीच विचारून ठेवलं होतं, माईक आहे ना, नवा आहे ना. नवा म्हणजे सरळ करून देणारा. माईकवर बोललं की काम झालं, असं तिला वाटलं.

तिच्या ध्यानात एकच गोष्ट आली नाही. नाव ऐकायला बायका खुर्च्यांवर बसून राहत नाहीत. त्या नवरीला घेरून उभ्या राहतात. प्रज्वलची आई मंगलबाई तर हातभर अंतरावर होती.

तनूनं माईक तोंडाशी धरला. "औ-औ-औशाच्या क-किल्ल्यावर..."

तिच्या डोक्यावरच्या भोंग्यातून एक गोड आवाज आला, "औशाच्या किल्ल्यावर चढले मी पायऱ्या मोजून..."

जवळच्या बायकांना दोन्ही ऐकू येत होतं. मागं बसलेल्या लोकांना फक्त भोंगा. तनू नावापाशी आली आणि अडकली. "प्र... प्र... प्र..." तिचे डोळे मिटले, मान पुढं आली.

यंत्र थांबत नाही. त्याला उखाण्याची चाल पाठ. पहिली ओळ कळली, नवऱ्याचं नाव त्या दिवसभरात माईकवर कितीदा तरी घेतलं गेलेलं. पुढं काय येणार हे त्याला आमच्याआधी माहीत. भोंगा म्हणाला, "प्रज्वलरावांचं नाव घेते, सगळ्यांचा मान राखून!"

टाळ्या पडल्या. मागून कुणी शिट्टी मारली. बँडवाल्यानं ठेका धरला. आणि तनू अजून तिथंच, "प्र... प्र..." तिचा उखाणा तिच्याशिवाय संपला होता. कार्यालयवाल्यानं आवाज बंद केला. टाळ्या विरल्यावर त्या शांततेत तिनं शेवटी शब्द पुरा केला. "प्रज्वलराव." तो तेवढा तिच्या स्वतःच्या आवाजात.

मंगलबाई म्हणाली, "पोरी, हे काय? फोनवर तर पोपटासारखी बोलायचीस."

मी पुढं झालो. "ताई, लहानपणापासून आहे तिला. तिची आईपण अशीच बोलायची. बाकी पोरगी..."

"तुमची लेक? अहो, तिचा व्हिडिओ तुम्हीच पाठवला की आम्हाला, घरच्यांची ओळख म्हणून. खडखडीत बोलते त्यात. आता त्या मेलेल्या बाईवर कशाला ढकलता?"

सगळ्यांनी तनूकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी ती हो म्हणेल. इतकी वर्षं तिला जी आई देता आली नाही, ती या घटकेला तिची तीच मागून घेईल.

तनू म्हणाली, "न-नाही. आई नीट बोलायची. हे म-माझं एकटीचं आहे."

पद्मिन माझ्या शेजारी उभी होती. ती खाली बसली.

सुपारी मोडली नाही. प्रज्वल पुढं आला, आईला म्हणाला, "एवढं काय त्यात? बोलणं सरळ करून ऐकवणारं कानातलं मिळतं आता. घरात सगळ्यांनी घालायचं, मला तर कामावर असतंच. तिचं अडखळणं कुणाला ऐकूच येणार नाही." मग तनूकडं वळून हळू म्हणाला, "तू काळजी करू नकोस. मला कधी ऐकू येणार नाही, शब्द देतो."

त्यानं ते मायेनं म्हटलं, मला दिसत होतं. तनूच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सुखाचं होतं. मंगलबाईचाही राग उतरला. ती म्हणाली, "बघा बाई, आमच्या वेळी असली सोय असती तर सासूचं बोलणं मीही सरळ करून घेतलं असतं!" सगळे हसले. जेवणं झाली.

लग्न झालं, तनू नाशकाला गेली. घरात सगळ्यांच्या कानात ती बारकी यंत्रं. तिनं सुद्धा घातलं, म्हणजे तिला स्वतःचं बोलणंही सरळच ऐकू येई. रोज फोन करायची, आनंदात होती. मी विचारायचो, "कुणी काही बोलत नाही ना?" ती म्हणायची, "कुणाला कळतच नाही आबा. मलाही कळत नाही आता."

एक दिवस दाढी करता करता मी मनात कालिंदाला हाक मारली, आणि ती अंगणातून म्हणाली, "आले अण्णा." सरळ. मी पुन्हा प्रयत्न केला. 'आ-आले' असं म्हणायला लावलं, तर ते मी तिच्या तोंडात घातल्यासारखं वाटलं. मी पद्मिनला काही सांगितलं नाही. पण पुढं मी मुद्दाम काहीतरी निमित्त काढून विचारायचो, "कालिंदा भाजीला काय म्हणायची गं?" ती करून दाखवायची. मी ऐकून घ्यायचो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मनातून जायचं, पुन्हा विचारायचो. आता खरी कालिंदा एकाच जागी उरली होती, पद्मिनजवळ. ते फोनवर घेऊन ठेवावं असं मनात आलं, आणि हसू आलं. फोननं ते लगेच दुरुस्त केलं असतं. जसंच्या तसं टिपणारं यंत्र शोधायला मी लातुरात दोन दिवस फिरलो. तरुण दुकानदारांना मी काय मागतोय तेच कळेना. "खराब आवाज येणारं मशीन पाहिजे का काका?"

२०४४च्या दिवाळीनंतर पद्मिनची दोन्ही मूत्रपिंडं गेली. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. ती अंथरुणावर पडून कालिंदाशी बोलायची, आणि कालिंदाची उत्तरंही तीच द्यायची, अडखळत. मी उशाशी बसून ऐकायचो.

तनू आणि प्रज्वल आले. पद्मिन जागी होती. तनू तिच्याजवळ बसली, हात हातात घेतला, पण बोलेना. तोंड उघडायची आणि मिटायची. दीड वर्षात तिनं मधे यंत्र नसताना उघड्या हवेत एक शब्द टाकला नव्हता.

"बोल की," मी म्हणालो. "आजी वाट बघायलीय."

तनूनं पिशवीतून ते कानातलं काढलं आणि आजीच्या कानाला लावू लागली. पद्मिननं मान फिरवली. "काढ ते. मला नको."

मग तनूनं फोन काढला, त्याचा आवाज मोठा करून आजीच्या उशाशी ठेवला, आणि स्वतः तोंडावर पदर धरून, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून भिंतीकडं वळून त्या कानातल्यात बोलली. फोनातून आलं, "आज्जी, मी तनू. मी आलेय. बरी हो लवकर."

पद्मिननं फोनकडं बघितलं. मग मला म्हणाली, "कोण बाई आहे ओ ही? आमच्या घरातलं कुणी असं बोलत नाही."

"तनू आहे. आपली तनू."

"त्या बाईला सांगा, तनू बाहेर गेलीय. मग ये म्हणावं."

तनू भिंतीकडं तोंड करून तशीच उभी होती. मी तिच्या खांद्याला हात लावला, म्हणालो, "एक शब्द. नुसतं आज्जी म्हण. तुझ्या तोंडानं."

तिनं प्रयत्न केला. मी शपथेवर सांगतो, तिनं प्रयत्न केला. ओठ हलले, गळ्याची शीर फुगली. आवाज आला नाही. पूर्वी निदान पहिलं अक्षर तरी यायचं. प्रज्वलनं तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, "राहू द्या आबा, तिला त्रास होतो."

पद्मिननं डोळे मिटले. त्यानंतर ती आमच्यापैकी कुणाशी बोलली नाही, कालिंदाशीही नाही.

माझी मुलगी कालिंदा १२ सप्टेंबर २०२१ रोजी लातूरच्या दवाखान्यात वारली होती. माझी बायको पद्मिन १७ मार्च २०४५ रोजी दुपारी, औशाच्या घरी वारली.